आईशेजारचे आसन

माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवले ते २०२४ सालच्या डिसेंबरात. निमित्त होते बंगळुरूला माझ्या भाचीच्या घरी असलेल्या बारशाचे. पणतवाला पाळण्यात घालायला पणजी हवीच, असा साऱ्यांचा आग्रह. इंदूरहून रेल्वेने जायचे तर दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात. ती दगदग तिला झेपणारी नव्हती. विमानाचे भाडे पाहिले, तर माणशी चार हजार आठशे रुपये. मुख्याध्यापकाच्या खिशाला हा आकडा अगदीच अवघड वाटला नाही.

परंतु चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. संगणकावर एकेक पान पुढे सरकू लागले तसा मसाला वाढू लागला. एक ‘सुविधा शुल्क’ आले. ती सुविधा नेमकी कोणाची, हे मराठीचा एम.ए. असूनही मला उलगडले नाही. विमा हवा का? जेवण हवे का? सामान १५ किलोंहून अधिक आहे का? शेवटी आसनांचे चित्र आले. रंगीबेरंगी चौकोन आणि प्रत्येकावर किंमत. शेजारशेजारच्या दोन आसनांचे जाऊन-येऊन चौदाशे रुपये होत होते. आसन न निवडता पुढे जाण्याचीही सोय होती, पण ती बारीक अक्षरांत. एकाच तिकिटावर आई आणि मुलगा असताना त्यांना कोण कशाला वेगळे बसवील, असा विचार करून मी ते पान ओलांडले. रात्री जेवताना पैसे वाचवल्याची फुशारकीही मारली. “आता विमानात पाण्याचेसुद्धा वेगळे पैसे मागतील, बघा!” असे मी म्हणालो आणि सारे हसले. आईही हसली.

वाचकहो, स्वस्त विमानप्रवासाला नावे ठेवणे मला शोभणार नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे पहिले विमान हुबळीहून बंगळुरूला उडाले, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना आकाशाची दारे किलकिली झाली. त्या विमानांत फुकट जेवण नव्हते, सुरुवातीस आसनांना क्रमांकही नव्हते. पण तो व्यवहार उघड होता. पुढे २०१३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आसन, खाणेपिणे, सामान यांसाठी वेगळे शुल्क घेण्याची मुभा दिली. त्याच सुमारास अनेक खासगी कंपन्यांनी विनाशुल्क सामानाची मर्यादा २० किलोंवरून १५ वर आणली. एकेकाळी तिकिटातच सामावलेल्या गोष्टी अशा एकेक करून बाहेर पडल्या. विमानतळावरच्या खिडकीवर प्रवेशपत्र देण्याचेही पैसे घेतले जाऊ लागले, तेव्हा २०२२ च्या जुलैत मंत्रालयाला ते थांबवण्यास सांगावे लागले. आमच्या इंदुरातला पोहेवाला अद्याप जिरावणाचे वेगळे पैसे मागत नाही, हे त्यातल्या त्यात समाधान!

विमानतळावर प्रवेशपत्रे हाती आली. माझे आसन नवव्या रांगेत, आईचे सव्विसाव्या रांगेत, दोन अनोळखी माणसांच्या मधले. मी खिडकीवरील मुलीला म्हणालो, “बाई, ही माझी आई आहे. तिला कमी ऐकू येते.” ती सौजन्याने म्हणाली की शेजारची दोन आसने आता फक्त पुढच्या रांगांत आहेत, दोघांचे मिळून बावीसशे रुपये पडतील. मुलांसाठी नियम आहे, हे मला नंतर समजले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यावी, असा आदेश त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निघाला होता. म्हाताऱ्या आईला मुलाशेजारी बसवावे, असा काही नियम माझ्या मदतीला आला नाही.

पैसे खिशात नव्हते असे नाही. मी क्षणभर थांबलो आणि मनात हिशेब केला. कंपनीने काय केले याचा राग मला आजही येतो. पण त्या क्षणभराच्या हिशेबाची मात्र लाज वाटते. आईने माझा चेहरा वाचला. “जाऊ दे रे, दोन तासांचा तर प्रश्न,” असे म्हणून डिंकाच्या लाडवांची पिशवी सांभाळत ती चालू लागली. आणि मी ते जाऊ दिले.

विमान वर चढताना जोराचे हादरे बसले. पट्टा बांधून ठेवण्याची सूचना झळकत राहिली आणि सतरा रांगांचे ते अंतर मला ओलांडता आले नाही. बंगळुरूला उतरल्यावर एक महाविद्यालयीन मुलगी आईचा हात धरून येताना दिसली. ती हिंदीत म्हणाली, “आजी फार घाबरल्या होत्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही.”

मी आईला विचारले, “पाणी का नाही घेतलेस?”

“तूच म्हणाला होतास ना, वेगळे पैसे पडतात म्हणून.”

पाणी फुकट होते. माझ्या विनोदाची किंमत मात्र तिने कोरड्या घशाने मोजली होती.

शुल्क घेण्याला माझी हरकत नाही; विमान काही हवेवर चालत नाही. पण सारा खर्च आरंभीच एका आकड्यात सांगितला असता, तर मी तो मुकाट्याने दिला असता. तो तुकड्यातुकड्यांनी पुढे आला, की माणूस प्रत्येक तुकड्याशी झुंजू लागतो. आणि त्या झटापटीत कोणता तुकडा टाकून द्यायचा नसतो, याचे भान सुटते. माझे सुटले.

परतीच्या प्रवासात आधी दोन आसनांचे पैसे भरले, मग बाकीचे पाहिले. आईला खिडकीजवळ बसवले. खाली ढग पसरले होते. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “इथे बसायचे वेगळे पैसे पडले का रे?”

तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवणारा मी म्हणालो, “नाही गं.”