दाबणारंही तेच, सोडणारंही तेच

सेमिनारसाठी माझ्या वाट्याला आलेला शोधनिबंध पुण्यातलाच निघाला. पाषाणच्या आयसरमधला, संजीव गलांडे यांच्या गटाचा, 2021 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापलेला. विषय झेब्राफिशचा गर्भ. दीड-दोन इंची मासा, तोही आपल्याच देशातल्या ओढ्यांतला, म्हणून वाटलं सोपं असेल. पहिल्याच पानावर गाडी अडली. लावणीला घरी, पासलीला आले तेव्हा कागद पिशवीत तसेच पडून होते.

डीएनए पेशीत मोकळा नसतो, हे बी.एस्सी.ला पाठ केलं होतं. रिळावर दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एकेका रिळावर साधारण 147 अक्षरं. हिस्टोनांना अ‍ॅसिटिल गट चिकटले की तो भाग सैल होतो आणि जनुक वाचता येतं. गट काढले की पुन्हा आवळतो. अक्षरं मात्र तीच. एपिजेनेटिक्सची एवढी ओळख होती.

डोकं फिरलं ते पुढे. फलित अंडं पहिले तीनेक तास स्वतःच्या जनुकांना जवळजवळ हात लावत नाही. आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनएवर आणि प्रथिनांवर भागवत एका पेशीच्या हजारभर पेशी होतात. मग गर्भाची स्वतःची जनुकं चालू होतात. ती वेळेआधी चालू होऊ नयेत म्हणून दाबून धरण्यात आईकडून आलेल्या सॅटबी-2 या प्रथिनाचा हात असतो. आणि नंतर गर्भ स्वतः सॅटबी-2 बनवू लागला, की तेच प्रथिन न्यूरल क्रेस्टची जनुकं चालू करायला मदत करतं! याच न्यूरल क्रेस्टच्या पेशी अंगभर पसरून कुठे जबडा, कुठे चेतापेशी, कुठे कातडीचा रंग होतात.

बांधावर बसून हे आजीला सांगत होते. खरं तर स्वतःलाच. तिने रोपांची जुडी सोडता सोडता विचारलं, “येकच हाय, तर त्येला कसं कळतं, कवा दाबायचं अन् कवा सोडायचं?”

नेमका माझाच प्रश्न. उत्तराचा धागा मिळाला तो बेडकांवरच्या संशोधनात. खाचरात शेपटीवाली पिल्लं वळवळत होतीच. 1912 मध्ये गुडरनाच याने अशा पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच बेडूक झाली. थायरॉइड संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे ते पकडणारं प्रथिन, संप्रेरक येण्याआधीपासूनच जनुकावर बसलेला असतो, सोबत अ‍ॅसिटिल गट काढणारी मंडळी घेऊन. संप्रेरक येऊन चिकटलं की ग्राहीचा आकार बदलतो, जुनी मंडळी सुटतात, गट चिकटवणारी येतात. ग्राही तोच, सोबती बदलले. म्हणजे प्रथिनाला काही कळावंच लागत नाही! सॅटबी-2चंही असंच असावं, हा माझा अंदाज, सरांना विचारायचाय.

आजीला हे पटलं. पण तेवढ्यावर ती थांबते थोडीच? “मग शेपूट झडतं अन् पाय फुटत्यात, त्ये एकाच औषधानं?”

हो, एकाच. शेपटीच्या पेशी मरतात, पायाच्या वाढतात. दोन्हीकडे कुठली जनुकं आधीपासून सैल आहेत, यातही फरक असतो, एवढं सांगितलं. “ती सैल कुणी केली?” हे विचारायच्या आत मी चिखलात उतरले.