ठेवायची का काढायची?

एस्टिमेट 61,500 रुपयांचं आणि गाडीची बाजारातली किंमत जेमतेम साठ हजार. दाजींच्या सँट्रोवरून घरात दोन तट पडायला एवढा हिशोब पुरला. ताईचं म्हणणं, काढून टाका. भाचा पुण्याहून रोज फोनवर तेच सांगायचा आणि वर एखाद्या जुन्या स्विफ्टचा फोटो पाठवायचा. दाजी गप्प. निवृत्त मुख्याध्यापक गप्प बसला की त्याचं मत आधीच ठरलेलं असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर होतो, म्हणून मला मध्ये ओढलं गेलं. "पावणं, जन्मभर लोकांच्या गाड्यांचे कागद बघितलासा. आता आमची गाडी बघा," दाजी म्हणाले.

कागदावर गाडी अशी: 2010ची सँट्रो झिंग, 1086 सीसी पेट्रोल, एमएच-09, पहिलाच मालक. किलोमीटर ब्याण्णव हजार, म्हणजे वयाच्या मानाने कमीच. ह्युंदाईने हे मॉडेल 2014च्या अखेरीस बंद केलं. पुढे 2018मध्ये त्याच नावाची वेगळी गाडी आणली, तीही 2022मध्ये गेली. तक्रार एकच, गाडी गरम मारते. रत्नागिरीच्या एका लग्नाला जाऊन परत येताना आंबा घाटात काटा वर चढला आणि दाजींनी बाजूला थांबून रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी ओतलं. तिथून पुढे दर आठवड्याला पाणी कमी पडू लागलं. मोठ्या वर्कशॉपने गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि कागद हातात दिला: हेड गॅस्केट आणि हेडचं काम 15,000, क्लच 7,500, पुढचं सस्पेन्शन 6,000, चार टायर 14,000, एसी कॉम्प्रेसर 19,000.

त्यात नोंदणीची पंधरा वर्षं 2025च्या जुलैमध्ये भरत होती. आणि नेमकी तेव्हाच दिल्लीची बातमी आली. 1 जुलै 2025पासून तिथे मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल द्यायचं नाही, असा हुकूम निघाला होता. चार-दोन दिवसांतच तो थांबवावा लागला. पण कोल्हापुरात कट्ट्यावर पोचेपर्यंत बातमीचं रूप बदललं होतं: पंधरा वर्षांच्या गाड्या आता सरकार उचलून नेणार! शेजारच्या काकांनी ताईला तसं छातीठोकपणे सांगितलं आणि ताईच्या बाजूला आणखी एक मत पडलं.

दिल्लीतला डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेला, आणि तो राजधानी परिसरापुरता आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. आरटीओत गाडी दाखवायची, तपासणीत ती पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. मात्र हे स्वस्त राहिलेलं नाही. मार्च 2022पर्यंत मोटारीच्या नूतनीकरणाची फी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022पासून ती 5,000 झाली. पर्यावरण कर वेगळा. मुदत चुकवली तर महिन्याला 500 रुपये दंड. शिवाय एप्रिल 2019पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेटची सक्ती आहे, तिचे मोटारीला जीएसटी धरून 879 रुपये. गाडी ठेवायची म्हटली की हा सगळा खर्च दुरुस्तीच्या जोडीला धरावा लागतो आणि बहुतेक लोक नेमका तो विसरतात.

दुसरं मत घ्यायला आम्ही उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको: बिडाच्या ओतकामापासून लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंगपर्यंत सगळं इथे हाकेच्या अंतरावर होतं. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी एस्टिमेटचा कागद वाचला नाही. घडी करून दाजींच्याच खिशात परत ठेवला.

"गरम मारत्या न्हवं? थांबा, तिलाच इचारू."

आधी त्यांनी ऑइलचं झाकण काढलं. आतून दुधाळ तपकिरी साय धरली होती. मी मनात म्हटलं, संपलं, ऑइलमध्ये पाणी गेलं. मिस्त्रींनी झाकण बाजूला ठेवलं आणि डिपस्टिक ओढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. ऑइल काळं, पण स्वच्छ. "गाडी रोज दोन किलोमीटर भाजीला जात्या, पावसाळा हाय, झाकणाला वाफ धरत्या. एवढ्यावरनं इंजिन उतरवायचं नसतं." मग इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे यायला लागले आणि थांबेनात. सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरतोय, याची ही खूण.

नंतर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावलं. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला काटा 160 पौंडांच्या आसपास, मधल्या दोघांना शंभराच्याही आत. इथे मिस्त्रींनी जे केलं, ते मोठ्या वर्कशॉपने केलं नव्हतं. मधल्या दोन्ही सिलिंडरांत प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून काटा वर गेला असता. काटा जागचा हलला नाही. म्हणजे खालचं इंजिन शाबूत, आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांमधली गॅस्केट जळालेली. या एका चमच्याने चित्र पालटलं. रिंगा-पिस्टन गेले असते तर पूर्ण इंजिनकामाचा खर्च चाळीस हजारांच्या पुढे गेला असता आणि मीही ताईच्या बाजूला जाऊन बसलो असतो.

गॅस्केट का जळाली, याचं उत्तर रेडिएटरमध्येच होतं. आत पांढरा थर. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. क्षार साचून वाट अरुंद झाली, इंजिन तापलं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त प्रसरण पावतं, हेड किंचित वाकतं आणि मधली गॅस्केट चेंगरून जळते. मिस्त्रींनी हे समजावताना दाजींकडे पाहिलं नाही. दाजींनीही छताकडे पाहिलं.

"इंजिनाचं सोडा. इंजिन काय, इथं गल्लीत परत उभं राहील," मिस्त्री म्हणाले. "पत्रा बघू."

गाडी रॅम्पवर चढली. माझ्या मते जुन्या गाडीची खरी परीक्षा इथेच होते, आणि एस्टिमेटच्या कागदावर नेमका हा रकाना नव्हता. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराखालची पट्टी ठोकत गेले. जॅक लावायची जागा, फ्लोअर, मागच्या ॲक्सलचे जोड, बॉनेट उघडून शॉकॲब्सॉर्बर जिथे बॉडीला धरतो ती जागा. घट्ट आवाज आला की पुढे. डाव्या मागच्या चाकाजवळ आवाज बदलला. तिथे तळहाताएवढा पत्रा गंजाने पातळ झाला होता. वेल्डिंगने भागेल, वजन पेलणारी जागा नव्हे. "हीच गाडी मालवणात वाढली असती तर मी हात लावला नसता. खाऱ्या वाऱ्यानं खालनं चाळण होत्या आणि वरनं पॉलिश मारलेलं असतंय."

क्लचची परीक्षा अर्ध्या मिनिटात झाली. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन धडकन बंद पडलं, म्हणजे प्लेट घसरत नाही. साडेसात हजार तिथल्या तिथे वाचले. टायरांबद्दल मात्र मिस्त्रींनी वर्कशॉपला दुजोरा दिला. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून दाजी हटून बसले, तेव्हा टायरच्या कडेवरचे चार आकडे त्यांना वाचायला लावले: 2218. 2018 सालच्या बाविसाव्या आठवड्यातला माल, आणि त्याच्या आजूबाजूला रबराला बारीक तडे. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

एवढं होऊनही भाच्याच्या स्विफ्टचा प्रश्न उरलाच होता. सांगलीला एका डीलरकडे 2014ची गाडी सव्वादोन लाखांना होती. मिस्त्रींना बरोबर घेऊन गेलो. गाडी दिसायला अशी की ताईने ड्रायव्हरशेजारी बसून फोटोही काढून घेतला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. आपण बेल्ट लावताना जेवढा ओढतो, त्याच्या कितीतरी पुढे, शेवटच्या टोकापर्यंत. बाहेरचा भाग काळा कुळकुळीत. आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर मातकट रंगाची सरळ रेघ होती आणि तिच्या खालचा पट्टा बोटाला खरखरीत लागत होता. मग सीटखाली हात घालून रूळ दाखवले, गंजलेले. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेने काय केलं, हे या भागात कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असते, तेव्हा पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं. 2021ला पुन्हा पूर. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या, त्याची मोजदाद नाही. डीलर म्हणाला, गाडी एकदा धुताना आत पाणी गेलं असेल. ताई खाली उतरली.

जुनी गाडी काढून दुसरी जुनी घेताना लोक विसरतात ते हेच. आपल्या गाडीची दुखणी आपल्याला पाठ असतात. समोरच्या गाडीची विकत घेतल्यावर कळतात.

घरी येऊन मी बँकेतल्यासारखा कागद काढला. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघायची सवय सगळ्यांनाच आहे. विमा कंपनीला ते शोभतं; दुरुस्ती घोषित किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेली की ती गाडी पूर्ण नुकसानीत काढते. पण दाजींना गाडी विकायची नव्हती, वापरायची होती. मग प्रश्न असा मांडायला हवा: पुढची दोन-तीन वर्षं फिरायला कोणत्या वाटेने किती लागतील?

नवी छोटी गाडी घेऊन चार लाखांचं कर्ज काढलं, तर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिना 8,400 रुपये, वर्षाला लाखाच्या वर. पाच वर्षांत नुसतं व्याज लाखभर. नव्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं, हे खरं. पण दाजींचं फिरणं वर्षाला सहा हजार किलोमीटर. लिटरला पंधराऐवजी बावीस मिळाले तरी वर्षाला सव्वाशे लिटर पेट्रोल वाचणार, म्हणजे तेरा हजार रुपये. तेरा हजार वाचवायला लाख भरायचे? रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या माणसाचं गणित याच्या उलट येईल, हेही मी दाजींना सांगितलं.

भंगारचाही पर्याय होता. 2021च्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली, तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण 4 ते 6 टक्के मोबदला आणि ठेव प्रमाणपत्र मिळतं, ज्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. पण नवी घ्यायचीच नसेल तर ती सवलत कागदावरच राहते.

शेवटी काम झालं ते असं: हेड उतरवून फेसिंग, नवी गॅस्केट, त्याच मजुरीत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, रेडिएटरची सफाई, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट, सगळं मिळून 14,000. सस्पेन्शनचे बुश 5,200. टायर 14,000. गंजलेल्या जागेचं वेल्डिंग मिस्त्रींनी त्यातच धरलं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्यांनी बदलायला लावल्या, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2010चं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. (ते इथेनॉल आपल्याच उसाचं, म्हणून दाजींनी या खर्चावर तक्रार केली नाही.) एसी तसाच बंद ठेवला. ताईची नाराजी आजही तेवढ्यापुरती शिल्लक आहे आणि उन्हाळ्यात ती रास्त आहे.

सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. भाच्याने लगेच फोन केला: बघा, थांबला असता तर! मी हिशोब पुन्हा मांडला. हप्ता हजाराने कमी धरला तरी दाजींच्या वापराला उत्तर तेच येतं.

आरटीओतली तपासणी पार पडली, नोंदणी जुलै 2030पर्यंत वाढली. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल आणि ऑगस्ट 2025मध्ये बदललेल्या नियमानुसार पुढच्या नूतनीकरणाला 5,000ऐवजी 10,000 रुपये लागतील. त्याआधी खालचा पत्रा सुटला किंवा रिंगा गेल्या, तर एकही रुपया न घालता गाडी भंगार केंद्रात द्यायची, हे दाजींनी ताईसमोर कबूल केलं आहे. आणि तुमच्या हातात असा एस्टिमेटचा कागद आला, तर सही करण्यापूर्वी किंवा गाडी काढण्यापूर्वी दोन गोष्टी तुमच्यासमोर करून घ्या: कॉम्प्रेशन मोजणं आणि गाडी रॅम्पवर चढवून पत्रा ठोकून बघणं.