सैनिकाच्या ताटातला पांढरा भात

जपानच्या लष्करी उदयाची गोष्ट आपल्याकडे बहुधा त्सुशिमाच्या लढाईपासून सुरू होते. मे १९०५मध्ये अ‍ॅडमिरल तोगो यांनी रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. एका आशियाई देशानं युरोपातल्या महासत्तेला हरवलं, याचा आनंद टिळकांच्या पिढीला झाला आणि तो योग्यच होता. लष्करी इतिहास शिकवताना मी मात्र विद्यार्थ्यांना आधी जपानी सैनिकाचं ताट बघायला सांगतो.

१८७३ साली मेइजी सरकारनं सक्तीची लष्करभरती सुरू केली आणि त्याच वर्षी जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के सारा रोखीत लावला. पोरगाही शेतकऱ्याचा आणि पैसाही शेतकऱ्याचाच. यामागाता आरितोमो यांनी उभारलेल्या या फौजेनं १८७७मध्ये सायगो ताकामोरींच्या बंडखोर सामुराईंना हरवलं आणि शस्त्र ही एका जातीची मिरास उरली नाही. फौजेनं आधी फ्रेंच, मग प्रशियन वळण गिरवलं, आरमारानं ब्रिटिश. तोगोंची युद्धनौका ‘मिकासा’सुद्धा इंग्लंडमधल्या बॅरोच्या गोदीत बांधलेली. अशा खरेदीसाठी लागणाऱ्या परकीय चलनाचा मोठा वाटा रेशमातून येई, म्हणजे गिरण्यांत धागा काढणाऱ्या खेड्यातल्या मुलींच्या कष्टातून. मुंबईचाही यात धागा आहे. १८९३मध्ये टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा यांनी मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली आणि आपला कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं, तेव्हा या जपानी कंपनीची जहाजं सैनिकांची ने-आण करत होती.

आता ते ताट. घरी जव आणि भरडधान्यावर वाढलेल्या पोराला छावणीत रोज पॉलिश केलेल्या तांदळाचा भरपूर भात मिळे. गरिबाघरच्या पोराला ती चैनच वाटे. पण त्याच भातातून बेरीबेरी आली. पाय बधिर होत, अंगावर सूज चढे, धाप लागे आणि शेवटी हृदय थांबे.

आरमारातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो लंडनला शिकून आलेले. १८८२च्या अखेरीस ‘र्‍युजो’ हे प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर निघालं. त्यावरच्या ३७६ जणांपैकी १६९ बेरीबेरीनं आजारी पडले, २५ दगावले. ताकाकींनी हट्टानं १८८४मध्ये ‘त्सुकुबा’ त्याच मार्गानं पाठवलं आणि शिधा तेवढा बदलला. बेरीबेरीनं एकही माणूस गेला नाही. पुढे आरमारानं भातात जव मिसळला आणि आजार जवळपास हटला. प्रथिनांच्या कमतरतेमुळे हा रोग होतो, हा ताकाकींचा तर्क चुकीचा होता. ज्यांच्या अभावानं तो होतो, त्या जीवनसत्त्वांचा शोध अजून लागायचा होता. पण उपाय अचूक लागू पडला होता.

फौजेच्या वैद्यकीय वरिष्ठांनी तो मानला नाही. जर्मन परंपरेत घडलेल्या या मंडळींना रोगामागे जंतूच हवा होता. थोर साहित्यिक मोरी ओगाई हेही त्यांच्यातलेच. शांततेच्या काळात काही पलटणींनी जव वापरून आजार आटोक्यात आणला होता, तरी युद्धात वरून पुन्हा पांढरा तांदूळच आला. रशियाशी झालेल्या युद्धात फौजेतले सुमारे २७,००० सैनिक बेरीबेरीनं मेले. शेजारच्या आरमारानं वीस वर्षांपूर्वी सोडवलेलं कोडं होतं हे! मला याचा आजही संताप येतो.

हा केवळ डॉक्टरांचा आडमुठेपणा नव्हता. १८७८मध्ये फौजेचं जनरल स्टाफ कार्यालय सरकारपासून वेगळं होऊन थेट सम्राटाला जबाबदार झालं. आरमाराचा संसार वेगळा, फौजेचा वेगळा, आणि दोघांनाही जाब विचारणारं कुणी नाही. १९००मध्ये लष्कर आणि आरमार ही खाती सेवेतल्या अधिकाऱ्यांकडेच राहतील, असा नियम झाला. विजय मिळत होते तोवर यातला धोका फारसा कुणाला जाणवला नाही. १९१२मध्ये फौजेनं दोन नव्या डिव्हिजन मागितल्या, पंतप्रधान साइओंजी यांच्या मंत्रिमंडळानं पैसे नाकारले. लष्करमंत्र्यांनी राजीनामा दिला, फौजेनं दुसरा माणूस दिला नाही आणि सरकार पडलं. माझ्या मते १९४५च्या विनाशाचा मार्ग इथेच आखला गेला, हिरोशिमाच्या तेहतीस वर्षं आधी.