दोन अंशांचा फरक

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजमाप कुणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपये कमी भरले, तर ते सापडेपर्यंत आम्ही उठत नाही. नाहीच सापडले, तर कॅशियर खिशातून भरतो. पण आकड्याला कुणी हात लावत नाही.

आमचे चिरंजीव पुण्यातच इन्स्ट्रुमेंटेशन शिकतात. त्यांचा प्रकल्प तापमापकाचा. त्यात पीटी-१०० नावाची प्लॅटिनमची तार असते. ० अंशाला तिचा रोध १०० ओहम, १०० अंशाला १३८.५. रोध मोजायचा, तापमान कळतं. एवढंच मला समजलं.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. बर्फात यंत्र बरोबर ० दाखवी. उकळत्या पाण्यात मात्र ९८! पातेलं बदललं, पाणी बदललं, गॅस मोठा केला. ९८ ते ९८च. "एवढ्यात चार वेळा चहा झाला असता," ही म्हणाली. रात्री एक वाजता मी म्हटलं, "अरे, १०० लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

चिरंजीवांनी मॅनेजरच्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, बँकेत असंच करता?"

मी झोपलो. म्हणजे, पडलो.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात पालकांनाही प्रवेश होता. मी डबा घेऊन उभा. बाहेरून आलेले परीक्षक आधी शेजारच्या टेबलाशी थांबले. तिथल्या तक्त्यात ठळक १००.

"पाणी कुठे उकळलंत?"

"इथेच, सर. पुण्यात."

"पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. हवेचा दाब कमी. इथलं पाणी ९८च्या आसपासच उकळतं. तुमचं काय चौपाटीवर नेलं होतं?"

मग ते आमच्याकडे वळले. "९८? यंत्र चुकलं असं नाही वाटलं?"

"वाटलं, सर. पण आलं ते लिहिलं."

परीक्षक हसले आणि पुढचे प्रश्न विचारू लागले. मी डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "किती मार्क पडतील हो?"

"त्याचं माहीत नाही," मी म्हणालो, "पण माझे दोन अंश कमी भरलेत. आणि हा फरक खिशातून भरता येत नाही."