नेट कुठे तुटतं?

शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या पानावर येतो, गोल चकरी फिरत राहते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या शिक्षकांना हे नवीन नाही. मग मुलगी अब्बूंना घेऊन तालुक्याच्या सायबर कॅफेत जाते, म्हणजे अब्बूंची एका दिवसाची मजुरी बुडते. दोनदा असं झालं की घरचे म्हणतात, राहू दे तो फॉर्म.

आमच्या उर्दू शाळेतून तक्रार गेली की कंपनीचा माणूस यायचा आणि मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवायचा. आकडा झकास! "सर, लाइन ओके आहे. तुमचे कॉम्प्युटर जुने आहेत."

जुने आहेतच. पण स्पीड टेस्ट त्या एका मिनिटाचा हिशेब देते, तोही बहुधा जवळच्या सर्व्हरपर्यंतचा. नेट कुठे तुटतं हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एकेक टप्पा वेगळा तपासावा लागतो. मी भाषेचा शिक्षक, बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण व्याकरणात वाक्य फोडतो तसंच हे आहे.

पहिलं साधन पिंग. नववीच्या मुलींना मी ते असं सांगितलं: एका यंत्राने सलाम केला, दुसऱ्याने जवाब दिला, मधे किती मिलिसेकंद गेले आणि किती सलाम वाया गेले ते मोजायचं. अमेरिकेत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्राम लिहिला. नाव सोनारच्या आवाजावरून. (सोनार म्हणजे पाणबुडी शोधणारं यंत्र, सराफ्यातला नव्हे. वर्गात हे स्पष्ट करावं लागलं.) विंडोजवर पिंग चार सलाम करून थांबतं. चारातून काय कळणार? आम्ही ५०० ठेवले. आणखी एक गोष्ट, जवाब आला नाही म्हणजे समोरचं यंत्र बंदच आहे असं नाही. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा जवाब देऊ देत नाही. तिच्यात इको रिक्वेस्टचा नियम चालू करावा लागतो.

दुसरं साधन आयपर्फ. पिंग सलाम करतं, आयपर्फ ओझं वाहून बघतं. एका कॉम्प्युटरवर ते सर्व्हर म्हणून चालू ठेवायचं, दुसऱ्यावर पहिल्याचा आयपी पत्ता द्यायचा. १० सेकंद डेटा ढकलला जातो आणि वेग समोर येतो. इंटरनेट लागतच नाही, त्यामुळे दोष शाळेतला की बाहेरचा हे लगेच वेगळं होतं. आमच्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर बहुतेक कॉम्प्युटर ९४च्या आसपास आले. एकाचा आकडा मात्र खाली-वर नाचत होता. त्याच्या केबलच्या टोकाची क्लिप तुटली होती, नवा कनेक्टर लावला. घरातलं दुखणं संपलं.

मग शाळेतून राउटरपर्यंत पिंग. ५०० पैकी एकही हरवलं नाही. मग बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. सकाळी ठीक, दुपारी बारानंतर पॅकेट गळायला लागायची, चारनंतर पुन्हा ठीक. मुलींनी दहा दिवस वहीत नोंद ठेवली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे. आकडे अर्थात डावीकडून उजवीकडेच. त्यावरून मराठीत अर्ज लिहायला लावला. पत्रलेखनाचा एवढा चांगला तास माझ्या हातून क्वचितच झाला असेल, कारण या वेळी पत्र खरंच जाणार होतं.

तक्ता पाहिल्यावर कंपनीच्या ऑफिसात कुणी जुन्या कॉम्प्युटरचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. ऑक्टोबरचं ऊन, खांबावरच्या पेटीतला अडॅप्टर दुपारी तापून झोपत होता. तो बदलला.

त्या आठवड्यात राहिलेले अकरा फॉर्म शाळेतूनच गेले. दोघींच्या योजनेची मुदत मात्र आधीच संपली होती.