इतर अधिकार

मी शेतकरी आहे, ही गोष्ट वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हती. गिरगावातल्या दोन खोल्यांत कुंडीतली तुळस जगवतानाही माझी तारांबळ उडते. पण परवा दादरचे एक जमीन-दलाल घरी आले. रत्नागिरीकडच्या आमच्या 62 गुंठ्यांचा सातबारा त्यांनी चहाच्या कपाशेजारी पसरला आणि म्हणाले, "सर, भाग्यवान आहात! आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला, मग तो कितीही श्रीमंत असो, शेतजमीन सहसा घेता येत नाही. तुम्ही मात्र कागदोपत्री शेतकरी!"

1948 च्या कुळकायद्यातील 63 व्या कलमाची ही किमया. जमीन शेती न करणाऱ्याच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. हाती खडूखेरीज काही न धरलेला मास्तर त्याच कायद्यापुढे शेतकरी ठरावा, हा विनोद मला आवडला. त्याहून आवडला तो त्यांनी सांगितलेला भाव. खोटे कशाला बोलू? मुलीच्या शिक्षणाचा हिशेब मी मनात मांडूनही टाकला.

मग दलालांनी मला बाजाराची बाराखडी शिकवली. भाव नुसत्या मातीला नसतो. डांबरी रस्ता लागून असला तर एक भाव, पायवाटेने जावे लागले तर दुसरा. विहीर असली तर वर, पोटखराबा जास्त असला तर खाली. बिनशेतीची परवानगी मिळाली की त्याच मातीचे सोने. आणि या साऱ्याहून मोठी गोष्ट म्हणजे सह्या. सामायिक जमिनीत एक हिस्सेदार अडून बसला की गिऱ्हाईक एक तर पळते, नाहीतर भाव पाडते.

ते गेल्यावर मी तो उतारा जुन्या पोथीसारखा वाचू लागलो. नमुना सात म्हणजे हक्क, नमुना बारा म्हणजे पिके. नावांशेजारी फेरफारांचे आकडे; एकेका आकड्यामागे एखादा मृत्यू, एखादी वाटणी. 1979 साली आजोबा गेले, तेव्हाच्या फेरफाराने त्यांचे मुलगे मालकांच्या रकान्यात आले. आणि आत्या? तिचे नाव सापडले 'इतर अधिकार' या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि शेजाऱ्याची पायवाट यांच्या मध्ये.

"त्यांचे हक्कसोडपत्र घ्या," दलालांनी फोनवर सहज सांगितले. "बहिणी देतातच. माहेर कोणाला तोडायचे असते?"

रविवारी कागद घेऊन मी लालबागला गेलो. आत्याच्या चाळीच्या गॅलरीतून पूर्वी गिरणीचे धुराडे दिसे. आता तिथे टॉवर उभा आहे. तिने चष्मा लावला.

"माझं नाव कुठं रे?"

मी बोट ठेवले. ती बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिली.

"ब्याऐंशीच्या संपात तुझे काका घरी बसले, तेव्हा दादानं याच शेतातला तांदूळ एस.टी.वर टाकून धाडला. भाऊ माझे चांगलेच. पण समोरची गिरणीची जमीन विकली, तेव्हा आम्हांला कोणी विचारलं नाही. तू निदान विचारायला तरी आलास."

मी ओशाळलो. मी विचारायला आलो नव्हतो. सही घ्यायला आलो होतो.

"सही करीन," ती म्हणाली, "पण हक्क सोडल्याची नाही. विकायचीच असेल, तर विकणाऱ्यांत माझं नाव लिहा."

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीला आली. स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर मी वर्गात दरवर्षी तळमळीने बोलतो. घरच्या 62 गुंठ्यांत काय लिहिले आहे, ते वाचायला मात्र दलाल दारी यावा लागला.

आत्याचे नाव वरच्या रकान्यात घेण्यासाठी गावी अर्ज केला आहे. दलाल म्हणतात, गिऱ्हाईक इतके थांबणार नाही. दोन चुलतभावांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. मुलीच्या शिक्षणाचा हिशेब मी एक वाटा कमी धरून पुन्हा मांडला आहे.

काल आत्याचा फोन आला. "यंदा भात कसं आहे रे?"

इतक्या दिवसांत त्या जमिनीबद्दल हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आणि मला, कागदोपत्री शेतकऱ्याला, उत्तर ठाऊक नव्हते.