गर्दी न सोसणारी माणसं

कथाकार जी. ए. कुलकर्णी सभा-संमेलनांपासून आयुष्यभर लांब राहिले. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, घरी येऊन वाचायचं, लिहायचं. अशा माणसाला आपल्याकडे माणूसघाणा ठरवायला वेळ लागत नाही. पण १९८७ साली ते गेले आणि पुढे त्यांच्या निवडक पत्रांचे खंडच्या खंड निघाले. पुस्तकं, चित्रं, सिनेमे, लहानपण, मनातल्या शंका, सगळं त्या पत्रांत आहे, आणि समोरच्याची चौकशीही मनापासूनची. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचं ‘प्रिय जी. ए.’ हे तर वेगळं पुस्तकच आहे.

गर्दी सोसत नाही त्याला माणसं नकोशी असतात, हा समज त्या पत्रांपुढे टिकत नाही. जी. एं.ना माणसं हवी होती. एका वेळी एक, आणि मध्ये पोस्टाचं अंतर ठेवून.

अशा माणसाला आपण अंतर्मुख म्हणतो. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१च्या आपल्या ग्रंथात मांडली. मनाचा ओढा आत आहे की बाहेर, हा त्याचा प्रश्न होता. पुढे हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने तो मेंदूकडे नेला. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरचा गलबला त्याला लवकर पुरे होतो, असं त्याचं म्हणणं. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले तर अशा माणसांच्या तोंडाला सरासरीने जास्त पाणी सुटतं, हेही त्याने पाहिलं. मेंदूचा कारभार इतका सरळ नाही, हे नंतरच्या संशोधनातून दिसलं. बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात, हेही. तरी सोसण्याची पातळी ज्याची त्याची वेगळी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लग्नघरात पंगती उठेपर्यंत मी मनापासून रमते. मग बँड, हाका, हसणं सगळं एकदम अंगावर येतं आणि मी गच्चीवर जाते. माझी धाकटी बहीण त्याच वेळी वरातीत नाचायला निघालेली असते. दिवसभराचा शीण तिचा तिथे जातो, माझा गच्चीवर. घरच्या कार्याचा आनंद दोघींना सारखाच.

बहिर्मुख माणसाला उथळ समजणं हाही अन्यायच. पु. ल. देशपांडे भरल्या सभागृहात खुलायचे, म्हणून त्यांची समज उणी ठरली नाही.

मला काळजी वाटते ती मुलांची. लाजाळू मुलाला बोलायचं असतं, पण भीती आडवी येते. तिथे मदत हवीच. अंतर्मुख मुलाला बहुधा फक्त वेळ हवा असतो, आणि आपण दोघांनाही एकाच काठीने हाकतो. ‘वर्गात बोलत नाही’ हा प्रगतिपुस्तकातला शेरा, ‘काकांना कविता म्हणून दाखव’ ही घरची फर्माईश. मला दोन्ही मिळाली आहेत. एखादं मूल अशानं आपल्यातच काहीतरी खोट आहे असं धरून बसतं, आणि तो समज काढायला वर्षं जातात.

शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर थोडं थांबावं, काही उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत. आणि आईवडिलांनो, ‘आमचा हा घुमाच आहे’ हे पाहुण्यांसमोर म्हणणं आजपासून बंद करा. तो ऐकत असतो.